स्टिअरिंगमागचा फोन यंत्राला कसा दिसतो

माझ्या मावसभावाच्या सायकलला मागून आलेल्या मोटारीने धडक दिली, त्याला आता चार वर्षे होतील. तो वाचला. डाव्या पायाची हाडे जुळली, पण गुडघा पूर्वीसारखा वळत नाही. रस्ता सरळ होता, भरपूर उजेड होता आणि त्याच्या अंगात दुरूनही दिसेल असे पिवळे जॅकेट होते. समोरचे ऊन डोळ्यांवर आले, असे चालकाने सांगितले आणि तसेच कागदावर नोंदले गेले. त्या क्षणी त्याच्या हातात फोन होता का, हा प्रश्न माझ्या मावशीने तीन वेगवेगळ्या वेळी विचारला. तिला उत्तर मिळाले नाही, कारण ते शोधण्याचे साधन तिथे कोणाकडेच नव्हते.

संगणकाला चित्रे ओळखायला शिकवणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे मावशीचा तो प्रश्न तिची भाची म्हणून तर माझ्यापर्यंत आलाच, पण या विषयात काम करणारी व्यक्ती म्हणूनही आला. गाडी चालवताना मेसेज लिहिणारा माणूस यंत्राला ओळखता येतो का, आणि येत असेल तर त्या ओळखीवर किती विसंबायचे? तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते मी वाचत आले आहे आणि थोडे प्रयोग करूनही पाहिले आहेत. त्यातून बनलेले मत आधीच सांगते. या कामासाठी वापरली जाणारी बहुतेक साधने चालकाचा हात पाहतात, कारण हाताचा फोटो काढता येतो. धडक मात्र होते ती नजर आणि मन रस्त्यावरून हटल्यामुळे. हात आणि लक्ष यांच्यातले अंतर एखादे साधन कितपत ओलांडते, यावरून मी त्याचे मोल ठरवते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संशोधन संस्थेने २००९ मध्ये जाहीर केलेले निष्कर्ष या विषयावर बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, आणि ते सांगण्यासारखेच आहेत. ट्रकचालकांच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवून, ते आपले नेहमीचे काम करत असताना घेतलेल्या चित्रणावर तो अभ्यास आधारलेला होता. मेसेज लिहिणाऱ्या किंवा वाचणाऱ्या चालकाच्या बाबतीत धडक होण्याची अथवा थोडक्यात टळण्याची शक्यता २३ पट आढळली, आणि अशा घटनेभोवतीच्या सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद त्याची नजर रस्त्यावर नव्हती. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते, म्हणजे ४.६ सेकंदांत ११५ मीटर. तेवढे अंतर ती गाडी समोर कोणीही न पाहता जात असते. तेवीस पट हा आकडा अवजड वाहनांचा आहे आणि त्यात टळलेल्या धडकाही धरल्या आहेत, त्यामुळे तो सरसकट प्रत्येक मोटारीला लावू नये. पण ४.६ सेकंद ही संख्या मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण यंत्राने नेमके काय पकडायचे आहे हे तिच्यातून कळते. जे घडते ते इतक्या थोड्या वेळात घडून जाते.

सुरुवातीच्या काही प्रयत्नांत या सेकंदांचा माग रेडिओलहरींवरून काढण्याची कल्पना होती. फोन मनोऱ्याशी बोलतो तेव्हा लहरी सोडतो, त्या पकडल्या की फोन वापरात आहे हे कळेल, इतका हा विचार सरळ आहे. केबल टीव्हीच्या तारांमधून कुठे सिग्नल गळतो आहे हे शोधणारी उपकरणे बनवणाऱ्या व्हर्जिनियातील कॉमसॉनिक्स या कंपनीने, पोलिसांच्या रडार गनसारखे हातात धरून रोखता येईल असे यंत्र आपण बनवत असल्याचे २०१४ मध्ये सांगितले होते. बोलणे, मेसेज आणि डेटा यांच्या लहरींतील फरक ओळखून कोण मेसेज करतो आहे हे ते सांगणार होते. इंग्लंडमधील नॉर्फक परगण्यात २०१९ मध्ये रस्त्याच्या कडेला काही फलक बसवले गेले. जाणाऱ्या गाडीत फोन वापरला जात असल्याचा सिग्नल मिळाला की फलकावर लाल रेघ मारलेल्या फोनचे चिन्ह उजळत असे. त्यात दंड नव्हता, केवळ आठवण होती. अडचण अशी की फोन चालकाच्या हातात आहे की शेजारच्या प्रवाशाच्या, हे त्या फलकाला कळत नव्हते. शिवाय खिशातला फोनही कोणी हात न लावता अधूनमधून मनोऱ्याशी बोलतच असतो. लहर पकडली म्हणजे माणूस पकडला असे होत नाही, आणि ही अडचण अँटेना सुधारून सुटणारी नाही.

फोन नेमका कोणाच्या हातात आहे, या प्रश्नावर मला सर्वांत देखणे वाटलेले उत्तर न्यू जर्सीतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट आणि रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दिले. त्यांनी गाडीतल्याच स्पीकरांचा उपयोग केला. फोन ब्लूटूथवरून गाडीच्या चारही स्पीकरांना एकामागून एक अतिशय उंच स्वराच्या बारीक शिट्ट्या वाजवायला सांगतो, आणि स्वतःच्या मायक्रोफोनने त्या ऐकतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. उजवा स्पीकर फोनपासून डाव्यापेक्षा एक मीटर जवळ असेल, तर उजवीकडची शिट्टी सुमारे तीन मिलिसेकंद आधी ऐकू येते. हा अवधी माणसाला जाणवणार नाही, पण सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद घेणाऱ्या फोनसाठी तो पुष्कळ मोठा आहे. दोन बाजूंच्या वेळांतील फरकावरून फोन गाडीच्या डाव्या अंगाला आहे की उजव्या, पुढे आहे की मागे, हे काढता येते. त्याच धाटणीचा दुसरा विचार वळणाचा. गाडी वळताना आतल्या बाजूच्या वस्तूला लहान वर्तुळ मिळते आणि बाहेरच्या बाजूच्या वस्तूला मोठे, त्यामुळे दोन्हीकडच्या प्रवेगात किंचित फरक पडतो. फोनमधला संवेदक तो फरक मोजू शकतो.

या उपायांत कोणी कोणाचा फोटो काढत नाही आणि माहिती फोनच्या बाहेर जात नाही, म्हणून मला ते फार आवडतात. पण ते चालू ठेवायचे की नाही हे शेवटी फोनवाल्याच्याच हातात राहते. ॲपलने गाडी चालवताना फोन आपोआप बंद ठेवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी २००८ मध्येच अर्ज केला होता आणि ते २०१४ मध्ये मंजूर झाले. प्रत्यक्ष आयफोनमध्ये २०१७ साली जी सोय आली, ती मात्र ऐच्छिक होती, आणि ‘मी गाडी चालवत नाही’ असे बटण दाबले की ती बाजूला होते. बसमधल्या प्रवाशाला असे बटण हवेच, हे मला मान्य आहे. पण तेच बटण चालकाच्या अंगठ्याखालीही असते.

म्हणून सरकारांनी कॅमेऱ्याचा मार्ग धरला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०१९ च्या पहिल्या सहा महिन्यांत चाचणी घेतली. त्या काळात सुमारे ८५ लाख वाहने तपासली गेली आणि एक लाखाहून अधिक चालक हातात फोन घेतलेले आढळले. त्यांच्यात एक चालक असा होता की त्याचे दोन्ही हात फोनवर होते आणि स्टिअरिंग शेजारच्या प्रवाशाने धरले होते. १ डिसेंबर २०१९ पासून हे कॅमेरे रीतसर सुरू झाले. पहिले तीन महिने केवळ इशाऱ्याची पत्रे गेली आणि मार्च २०२० पासून दंड लागू झाला. हे तंत्रज्ञान अक्युसेन्सस या कंपनीचे. सायकलवरून जाणारा आपला मित्र मोटारीच्या धडकेत गेल्यानंतर तिच्या संस्थापकाने हे काम हाती घेतले. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही.

या कॅमेऱ्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. मोटारीच्या समोरच्या काचेतून आत पाहणे वाटते त्याहून अवघड असते, कारण काचेवर आकाशाचे प्रतिबिंब पडते आणि आत अंधार असतो. काचेवरून परावर्तित होणारा प्रकाश बऱ्याच अंशी ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत हलतात, त्यामुळे योग्य कोनात ध्रुवीकरण फिल्टर लावला की ती चमक कमी होते. रात्रीसाठी अवरक्त प्रकाशाचा झोत वापरतात. तो चालकाला दिसत नाही, म्हणून त्याचे डोळे दिपत नाहीत. वेगाने जाणाऱ्या गाडीतली बोटे स्पष्ट यावीत यासाठी शटर क्षणाच्या अगदी लहान अंशापुरते उघडते. सर्वांत महत्त्वाचा असतो कोन. कॅमेरा उंचावरून खाली पाहतो, म्हणजे मांडीवर ठेवलेला फोनही त्याच्या टप्प्यात येतो. दुसरा, थोडा उथळ कोन कानाशी धरलेला फोन आणि सीटबेल्ट यांसाठी उपयोगी पडतो. न्यू साउथ वेल्समध्ये जुलै २०२४ पासून याच कॅमेऱ्यांतून सीटबेल्टचीही तपासणी होऊ लागली.

मांडीवरचा कोन इतका महत्त्वाचा का, याचे कारण अमेरिकेतील एका अभ्यासात सापडते. मेसेज लिहिण्यावर बंदी घातलेल्या चार राज्यांतील विमादाव्यांची पाहणी महामार्ग अपघातहानीची आकडेवारी ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने २०१० मध्ये केली. बंदीनंतर दावे कमी झाले नव्हते, उलट चारपैकी तीन राज्यांत ते वाढलेले दिसले. पकडले जाऊ नये म्हणून लोक फोन आणखी खाली धरू लागले असावेत आणि त्यामुळे नजर रस्त्यापासून आणखी दूर गेली असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला. तो अंदाजच होता, पण मला तो पटतो. फोन स्टिअरिंगच्या वर असेल तर डोळ्यांच्या कडेने तरी रस्ता दिसत राहतो, मांडीवर गेला की तोही दिसत नाही. पकडले जाण्याची शक्यता अर्धवट असेल, तर चालक फोन सोडत नाही, फक्त लपवतो. लपवून उपयोग नाही हे कळेल इतका कॅमेरा चांगला असेल, तरच त्याचा वचक योग्य दिशेने चालतो.

आता माझ्या कामाच्या जवळचा भाग, म्हणून इथे थोडी रेंगाळणार आहे. कॅमेऱ्याने काढलेल्या लाखो चित्रांतून संशयास्पद कोणते हे संगणक ठरवतो. त्याच्या अचूकतेची टक्केवारी ऐकून आपण चटकन समाधानी होतो, आणि तिथेच फसतो. समजा, एका रस्त्यावरून एक लाख गाड्या गेल्या आणि त्यांतल्या एक हजार चालकांच्या हातात खरोखर फोन होता. यंत्र दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे असे धरू. मग हजारपैकी ९५० जण त्याच्या हाती लागतील. उरलेल्या ९९,००० निर्दोष चालकांपैकी पाच टक्के, म्हणजे ४,९५० जणांवरही ते बोट ठेवेल. एकूण ५,९०० संशयितांत खरे दोषी ९५०, म्हणजे दर सहा जणांमागे एक. हे यंत्र वाईट नाही. दोष करणारे मुळात थोडे आणि न करणारे पुष्कळ असतील, तर गणित असेच येते. निर्दोषांच्या बाबतीत यंत्र हजारात एकदाच चुकेल इतके सुधारले, तर चुकीच्या संशयितांची संख्या ४,९५० वरून ९९ वर येते. म्हणजे एकूण अचूकतेचा एकच आकडा कोणी सांगितला, तर निर्दोष माणसाच्या बाबतीत हे किती वेळा चुकते, असा स्वतंत्र प्रश्न विचारायला हवा.

आणि म्हणूनच संगणकाने निवडलेले प्रत्येक चित्र माणसाने पाहणे ही माझ्या दृष्टीने अट आहे, सोय नाही. न्यू साउथ वेल्समध्ये संगणकाने वेगळी काढलेली चित्रे प्रशिक्षित माणसे तपासतात. मात्र माणूस मध्ये असला म्हणजे चूक होणारच नाही, असेही नाही. नेदरलँड्समध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये एका चालकाला ३८० युरोंचा दंड आला. चित्रात त्याचा हात कानाशी होता, फोन नव्हता. तो डोके खाजवत होता. तिथेही यंत्रानंतर माणसाची तपासणी असते, तरी दंडाचे पत्र गेलेच. योगायोगाने तो स्वतःच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातला असल्यामुळे यंत्र कुठे चुकले असेल हे त्याला चटकन कळले. यंत्राने आधीच ‘फोन’ म्हटलेले चित्र पाहताना तपासणाऱ्याच्या डोळ्यांनाही फोन दिसू लागतो. माझ्या स्वतःच्या कामात, तपासणीसाठी चित्रे देताना त्यांत यंत्राला निर्दोष वाटलेली काही चित्रे मी मुद्दाम मिसळते आणि कोणती कुठली हे तपासणाऱ्याला सांगत नाही. दंड करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेत असे काहीतरी असावे, असे मला मनापासून वाटते.

यंत्र शिकते कशावरून, याचाही इथे संबंध आहे. २०१६ मध्ये स्टेट फार्म या अमेरिकी विमा कंपनीने कॅगल या संकेतस्थळावर एक स्पर्धा जाहीर केली आणि चालकांच्या चित्रांचा मोठा संच खुला केला. त्यात शिकवण्यासाठी २२,४२४ चित्रे आहेत आणि दहा प्रकार आहेत: नीट गाडी चालवणे, उजव्या हाताने मेसेज, डाव्या हाताने मेसेज, कानाशी फोन, पेय पिणे, मागे वळून काही घेणे वगैरे. मावसभावाच्या अपघातानंतर मी पहिला हात या संचावर बसवला. पहिल्याच दिवशी अचूकता ९९ टक्क्यांच्या वर गेली आणि मला शंका आली, कारण इतके सोपे काही नसते. चूक माझीच होती. इतकी चित्रे असली तरी त्यांत चालक फक्त २६ आहेत आणि एकेका चालकाची शेकडो चित्रे लागोपाठ घेतलेली आहेत. मी चित्रे सरमिसळ करून शिकवण्याचे आणि परीक्षेचे असे दोन ढीग केले होते, त्यामुळे तेच चालक दोन्हीकडे आले होते. संगणक फोन ओळखत नव्हता, तो शर्ट आणि सीटचे कव्हर ओळखत होता. काही चालक पूर्णपणे परीक्षेसाठी बाजूला ठेवले, तेव्हा अचूकता लक्षणीय घसरली आणि मला खरी परिस्थिती कळली.

त्या संचाबद्दल आणखी एक गोष्ट नंतर वाचनात आली. चित्रे घेताना त्या गाड्या चालक स्वतः चालवतच नव्हते, एक ट्रक त्यांना ओढून नेत होता. सुरक्षिततेसाठी ते योग्यच होते, कोणालाही खरोखर मेसेज लिहीत गाडी चालवायला सांगता येणार नाही. पण त्याचा परिणाम असा की त्या चित्रांतले सगळे लोक मेसेज लिहिण्याचा अभिनय करत आहेत. ते फोन छातीसमोर स्पष्ट धरतात. खरा चालक तो स्टिअरिंगआड किंवा मांडीवर धरतो, एक डोळा रस्त्यावर ठेवण्याचा प्रयत्न करतो, मान पूर्ण न वाकवता नुसती बुबुळे खाली नेतो. अभिनयावर शिकलेल्या यंत्राला लपवणे ओळखता येत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावरची लाखो चित्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांची यंत्रे म्हणूनच पुढे आहेत, आणि इथूनच खासगीपणाचा प्रश्न सुरू होतो.

कारण एक दोषी शोधण्यासाठी हा कॅमेरा प्रत्येक निर्दोष माणसाच्या गाडीत डोकावतो. न्यू साउथ वेल्समध्ये ज्या चित्रांत यंत्राला काही आढळत नाही, ती साधारण तासाभरात कायमची पुसली जातात असे तिथले प्रशासन सांगते. हा नियम मला त्या कॅमेऱ्याच्या भिंगाइतकाच महत्त्वाचा भाग वाटतो. मांडीवर रोखलेला कॅमेरा काय काय पाहील, याचा विचार एखादी बाई म्हणून केला की ‘काही लपवायचे नसेल तर घाबरायचे कशाला’ हे उत्तर पुरत नाही. चित्र किती वेळ राहते, कोण पाहते आणि पाहणाऱ्याला चेहरा व नंबरप्लेट एकत्र दिसतात का, हे लिहून ठेवल्याशिवाय असा कॅमेरा उभारू नये.

कायद्याने काय मनाई केली आहे, यावरही यंत्र काय करू शकते हे ठरते. इंग्लंडमध्ये हातातल्या फोनवर २००३ पासून बंदी होती, पण तिचे शब्द संपर्क साधण्यापुरते मर्यादित होते. एका चालकाने गाडी चालवताना रस्त्यावरच्या अपघाताचे चित्रीकरण केले आणि २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटले की हा त्या कलमाखाली गुन्हा ठरत नाही, कारण तो संपर्क साधत नव्हता. मग २५ मार्च २०२२ पासून नियम बदलला आणि हातात धरून फोनचा जवळजवळ कुठलाही वापर मनाईत आला. कॅमेऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. स्थिर चित्रात माणूस मेसेज लिहितो आहे की गाणे बदलतो आहे हे कधीच कळत नाही, हातात फोन आहे इतकेच कळते. कायदा यंत्राला दिसेल त्या ठिकाणी येऊन उभा राहिला. ते योग्यच झाले, पण त्याबरोबर गुन्ह्याची व्याख्या आणखी ठामपणे हातावर येऊन थांबली.

मावशीच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे साधन वेगळेच आहे. धडकेनंतर पोलिसांनी चालकाचा फोन एका यंत्राला जोडायचा आणि धडकेच्या आधीच्या काही मिनिटांत स्क्रीनवर बोटे फिरली होती का एवढेच पाहायचे, मजकूर वाचायचा नाही, अशी ती कल्पना. न्यूयॉर्क राज्यात २०१६ मध्ये तसे विधेयक मांडले गेले. २०११ च्या अपघातात मुलगा गमावलेल्या एका वडिलांनी त्यासाठी जीव तोडून प्रयत्न केले आणि विधेयकाला त्या मुलाचेच नाव दिले गेले. सेलेब्राइट ही कंपनी यंत्र बनवणार होती आणि दारूच्या श्वासचाचणीच्या धर्तीवर लोक त्याला ‘टेक्स्टलायझर’ म्हणू लागले. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच एकमताने सांगितले होते की अटक केलेल्या माणसाचा फोनही पोलिसांनी वॉरंटशिवाय तपासू नये. शिवाय फोनची सगळी दारे उघडू शकणाऱ्या कंपनीचे यंत्र फक्त एकाच खिडकीतून पाहील, यावर अनेकांचा विश्वास बसेना. ते विधेयक मंजूर झाले नाही.

हा विरोध मला कळतो, आणि तरीही मला त्या वडिलांची बाजू सोडवत नाही. श्वासचाचणीने दारूबद्दल जे केले ते इथे कोणी केलेले नाही. फोनने आपल्या स्क्रीनला शेवटचा स्पर्श कधी झाला ती वेळ आणि फोन त्या वेळी कुलूपबंद होता की उघडा, इतकीच सीलबंद नोंद ठेवली आणि ती न्यायालयाच्या आदेशानेच उघडली, तर मजकुराला हात लावायची गरजच उरणार नाही. टोरंटोच्या संशोधकांनी १९९७ मध्ये फोनवर बोलताना धडकेचा धोका सुमारे चौपट होतो हे दाखवले, तेही ६९९ चालकांच्या फोनबिलांतल्या वेळा अपघाताच्या वेळांशी ताडून. तेवढी साधी नोंद तेव्हा पुरली होती.

गाडीच्या आतल्या कॅमेऱ्याकडे मात्र मी सर्वांत जास्त आशेने पाहते, कारण तो हाताऐवजी डोळ्यांकडे पाहतो. टोयोटाने आपल्या लेक्सस गाड्यांत २००६ मध्ये चालकाच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवणारा कॅमेरा आणला होता. अशा यंत्रणांत स्टिअरिंगजवळ छोटा अवरक्त दिवा आणि कॅमेरा असतो. बऱ्याचदा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश निवडतात. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि हवेतली वाफ सूर्यप्रकाशातला नेमका तोच पट्टा बराचसा शोषून घेत असल्यामुळे भर उन्हातही चेहरा नीट दिसतो. अनेक गॉगलांच्या काचांतूनही तो आरपार जातो. बाहुली आणि बुबुळावर पडलेला दिव्याचा ठिपका यांच्यातील अंतरावरून नजर कुठे आहे हे काढतात. वर सांगितलेला मान न वाकवता डोळे खाली नेणारा चालक इथे सुटत नाही, आणि त्याच्या हातात फोन आहे की नाही याने काही फरक पडत नाही. डॅशबोर्डवरच्या मोठ्या पडद्यात बोट घालून बसलेलाही इथे पकडला जातो.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशी लक्ष विचलित झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा ७ जुलै २०२४ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांना आणि ७ जुलै २०२६ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची आहे. तिने चालकाची ओळख पटवायची नाही आणि चित्रे बाहेर पाठवायची नाहीत, ही अटही त्यातच आहे. ती दंड करत नाही, कोणाला कळवत नाही. नजर फार वेळ खाली राहिली की वाजते, आणि ज्याने खाली पाहिले त्यालाच, त्याच क्षणी सांगते. या सगळ्या साधनांत धडक होण्याआधी बोलणारी अशी थोडीच आहेत.

तिलाही मर्यादा आहेत, कारण डोळे रस्त्यावर असणे म्हणजे मन रस्त्यावर असणे नव्हे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रतिष्ठानासाठी युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये केलेल्या चाचण्यांत, आवाजाने सूचना देऊन झाल्यावरही चालकाचे मन काही वेळा २७ सेकंदांपर्यंत पूर्ववत झालेले नव्हते. हात स्टिअरिंगवर, डोळे समोर आणि तरी समोरचा माणूस दिसला नाही, असे घडू शकते, आणि ते दाखवणारा कॅमेरा आज कोणाकडेही नाही.

युरोपच्या त्या नियमात वेळही ठरवून दिली आहे. ताशी ५० किलोमीटर आणि त्याहून जास्त वेगाला नजर सलग साडेतीन सेकंद खाली राहिली की इशारा, आणि २० ते ५० किलोमीटरच्या दरम्यान सहा सेकंदांनी. हे वाचल्यावर एका सकाळी मी जिथे मावसभाऊ पडला होता तिथे गेले आणि मागच्या वळणापासूनचे अंतर पावलांनी मोजले. ते साधारण चाळीस मीटर भरले. त्या वळणावर चालकाने रस्ता पाहिला असणारच, नाहीतर गाडी वळली नसती. ताशी ५० किलोमीटरने साडेतीन सेकंदांत गाडी जवळजवळ ४९ मीटर जाते, ४० किलोमीटरने सहा सेकंदांत ६७ मीटर. दोन्ही हिशेबांत इशारा वाजला असता तो धडकेनंतर. मी हे मावशीला सांगितले. तिने कागद हातात घेऊन आकडे पुन्हा एकदा पाहिले आणि विचारले, ‘मग साडेतीनच का ठरवले, दोन का नाही?’ फार लवकर वाजणारी घंटा लोक बंद करून टाकतात, हे कारण मला ठाऊक होते आणि मी ते तिला सांगितले. ती म्हणाली, ‘बंदच करता येणार नाही, अशी करा.’